तिसरा रकाना

नानांसमोर 'लवकर' हा शब्द कुणी सहज वापरला की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कधीपासून कधीपर्यंत?" समोरच्याला वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा नसायची. धुळ्याची बस लवकर पोचते असं तुम्ही म्हणालात, तर ते स्टँडवरून सुटल्यापासून मोजलंत की घरातून निघाल्यापासून, हे त्यांना खरोखरच कळायला हवं असायचं. एकदा मी म्हणाले, आज चहा लवकर आला. तर टपरीवर निरोप गेला ती वेळ, चहा टेबलावर आला ती वेळ आणि कालचा चहा याहून दोन मिनिटं आधी आला होता, असं सगळं त्यांनी मला ऐकवलं. मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि हा माणूस चहाच्या वेळा लावत बसलाय. माझं डोकं फिरायचं.

अशा माणसांबद्दल लिहिताना, आता छळायला कुणी नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतं, असं लिहायची पद्धत आहे. मला तसं काही होत नाही. त्यांच्या घराला हवं असलेलं एक पान माझ्या हातून गेलं, आणि ते मी त्यांना दोन वर्षं सांगितलं नाही. तेव्हा हे नुसतं त्यांच्याबद्दलचं लिहिणं नाही, हे आधीच सांगून टाकते.

जळगावात एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं स्कॅनिंगचं ऑफिस होतं. जिल्ह्यातल्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं आमच्याकडे यायची. मूल शाळेत कधी आलं, बापाचं नाव काय, जन्मतारीख, जात, शाळा कधी सोडली, हे सगळं त्या लांबलचक पानांवर टाकानं लिहिलेलं असायचं. आम्ही पान न् पान स्कॅन करायचो, रजिस्टरं शाळेला परत द्यायचो, आणि स्कॅन केलेली चित्रं कॉम्प्रेस करून, म्हणजे दाबून एका फाइलीत बसवून, डिस्कवर ठेवायचो. स्कॅनिंग माझ्याकडे, कॉम्प्युटरचं सगळं नानांकडे. आमच्या वर शेठ. शेठ वाईट नव्हते, फक्त घाईत असायचे.

नाना मूळचे धुळ्याचे. आठवडाभर जळगावातच मेहरूणला एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एस.टी.नं घरी. तरुणपणी ते जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते. तिथे कापसातून सरकी काढतात आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. कारखाना बंद पडल्यावर चाळिशीत त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला, आणि वर्गातल्या पोरापोरींच्या आधी शिकले. पण भाषा जिनिंगचीच राहिली. फाइल कॉम्प्रेस करणं म्हणजे 'गाठ बांधणं', ती उघडणं म्हणजे 'गाठ सोडणं'. आधी आम्ही हसायचो, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

त्यांच्या मनगटावर काळं प्लास्टिकचं घड्याळ होतं, पट्टा दोनदा शिवलेला. एखादी गाठ बांधायला लावली की ते घड्याळाचं बटण दाबायचे आणि खुर्ची फिरवून स्क्रीनकडे पाठ करून बसायचे. किती काम झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी स्क्रीनवर सरकते ना, तिच्यावर ते लग्नपत्रिकेचा तुकडा चिकटवायचे. म्हणायचे, ती पट्टी खोटं बोलते, नव्वद टक्क्यांपर्यंत पळते आणि मग बसून राहते. तेवढा वेळ कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. जेवणाची सुट्टी झाली तरी उठायचे नाहीत. त्यांच्या डब्यातलं भरीत आणि कळण्याची भाकरी गार होत पडलेली असायची, आणि आम्ही त्यांच्या पाठीकडे बघत आपापले डबे खायचो.

त्यांची एक लांब, रेघांची वही होती. दर गाठीला एक ओळ, आणि ओळीत तीन रकाने. पहिला 'बांधायला', दुसरा 'सोडायला', तिसरा 'जुळवायला'. पहिल्या दोन रकान्यांत मिनिटं लिहायची. तिसऱ्यात मिनिटं आणि पुढे बरोबरची खूण. कारण नानांची पद्धत अशी होती की गाठ बांधली म्हणजे काम झालं नाही. ती लगेच दुसऱ्या जागी सोडायची, आणि सुटलेलं प्रत्येक चित्र मूळ चित्राशी मशीनकडून आकड्याला आकडा जुळवून घ्यायचं. सगळं जुळलं की ते हात झटकून म्हणायचे, "बठ्ठं बराबर शे." मग तिसऱ्या रकान्यात खूण व्हायची, आणि खूण झाल्यावरच मूळ चित्रं पुसून डिस्क मोकळी करायची. खूण नाही तर पुसणं नाही. ऑफिसात हा एकच कायदा होता आणि तो नानांनी केला होता.

आता थ्रेडच्या भांडणाकडे येते. गाठ बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा निवडायचा असतो, एका वेळी किती थ्रेड लावायचे. थ्रेड म्हणजे एकाच कामाला लावलेले हात म्हणा. मशीनला चार कोअर, म्हणजे चार मेंदू, असतील तर चार हात लावता येतात. नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी नानांना शहाणपण शिकवायचा, की काका, तुम्ही हे एकावर का ठेवलंय, चार करा, चौपट लवकर होईल. मग काय, नानांचा चष्मा कपाळावर.

ते त्या माणसाला समोर बसवून करून दाखवायचे. आधी एका थ्रेडनं, मग चार थ्रेडनं, प्रत्येकी तीन वेळा, आणि दर वेळी मध्ये मशीन बंद करून चालू करायचे, कारण एकदा वाचलेलं मशीनच्या डोक्यात राहतं आणि दुसऱ्या वेळी ते उगाच हुशार दिसतं. अर्धा दिवस जायचा. आमचं काम तुंबायचं, शेठ काचेतून बघत राहायचे. आणि शेवटी निघायचं काय, तर आमच्या त्या जुन्या मशीनवर चार थ्रेड लावून वेळ वाचत नव्हताच, उलट मिनिटभर जास्त लागायचं. डिस्क जुनी, फिरणारी. चारी हात एकदम तिच्यातून ओढायला लागले की ती बिचारी इकडून तिकडे धावत बसायची. वर मेमरी तोकडी, आणि प्रत्येक हाताला आपली वेगळी मेमरी लागायची.

"दहा जिना चालवा," नाना म्हणायचे, "प्रेस तं एकच शे. मंग?" जिनमधून दहा बाजूंनी रुई येऊन पडते, पण दाबायला प्रेस एकच, तेव्हा रुईचा ढीग होतो आणि गाठी तेवढ्याच निघतात. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

मुलगी हा त्यांच्या बोलण्यातला दुसरा विषय, आणि तो घड्याळाशिवायचा. प्रज्ञा एकुलती एक. हुशार, नाकासमोर चालणारी, सरकारी परीक्षांच्या मागे लागलेली. फोनवर तिच्याशी बोलताना नाना अहिराणीत शिरायचे आणि आवाज इतका हळू व्हायचा की शेजारी बसून काही ऐकू यायचं नाही.

एका दुपारी बोदवड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेची रजिस्टरं स्कॅन करत होते. पानं इतकी ठिसूळ की उलटताना श्वास धरावा लागायचा. नाना मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता दर पानाला किती सेकंद लागतात ते सांगणार. तर ते म्हणाले, "ताई, थांबा." आणि एका ओळीखाली, पानाला न लावता, बोट धरलं.

ती त्यांच्या वडिलांची नोंद होती. वडील लहानपणी त्या गावात होते, दुसरीपर्यंत शिकले आणि मग पोटासाठी धुळ्याला आले, एवढं त्यांना माहीत होतं. पण नोंद कुठे असेल, असेल की नाही, याचा पत्ता नव्हता. स्वातंत्र्याच्या आधीची ओळ. नाव, आजोबांचं नाव, जन्मतारखेच्या जागी अंदाजानं काहीतरी, आणि जातीच्या रकान्यात तो शब्द. नानांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, "हा शब्द टाकून माझे वडील बौद्ध झाले, ताई. जन्मभर तोंडातून काढला नाही. आणि आता पोरीला नोकरी लागली की हाच दाखवावा लागेल."

मी म्हणाले, एक प्रत काढून देते, घेऊन जा. त्यांनी मान हलवली. ऑफिसातलं कागदपत्र ऑफिसात राहणार, लागेल तेव्हा शाळेमार्फत अर्ज करीन, म्हणाले. मी हट्ट केला असता तर बरं झालं असतं. पण त्यांचा तो ताठा मला ठाऊक होता, आणि पान तर आता आमच्याकडे स्कॅन झालंच होतं, कुठे जाणार होतं, असं मलाही वाटलं.

त्यानंतर लवकरच शेठनी नवीन मशीन आणलं. आठ कोअर, भरपूर मेमरी, आणि फिरणारी डिस्कच नाही, नवीन पद्धतीची, न फिरणारी. शेठ म्हणाले, नाना, आता आठ थ्रेड लावा. नानांचा चष्मा वर गेला. झालं, म्हटलं, आजचा दिवस गेला.

पैज वगैरे काही लागली नाही, पण सगळं ऑफिस उभं राहून बघत होतं. घड्याळ मात्र नानांनी माझ्या हातात दिलं, आपल्याकडून चूक झाली असं कुणी म्हणायला नको, म्हणाले. चाळीसगावकडच्या एका शाळेची मोठी गाठ घेतली. एका थ्रेडनं एकेचाळीस मिनिटं. मशीन बंद, चालू. आठ थ्रेडनं नऊ मिनिटंही पुरती लागली नाहीत. कुणीतरी टाळी वाजवली. नानांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. तोपर्यंत बघणारे सगळे आपापल्या जागी गेले होते आणि आम्ही दोघंच उरलो होतो. नानांनी वही ओढली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, की नवीन मशीनवर आठ थ्रेडनं गाठ बांधणं फार लवकर होतं. खाली सही केली. खाली आणखी एक ओळ लिहिली, की गाठ किंचित मोठी होते, कारण प्रत्येक हात आपला तुकडा वेगळा बांधतो आणि शेजारच्या तुकड्यात काय आहे ते त्याला दिसत नाही.

मग ते शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ, तुमचं खरं निघालं, म्हणाले. फक्त सोडून जुळवणं चालू ठेवा, एवढंच मागणं आहे. शेठनी हो म्हटलं. ते कशालाही हो म्हणायचे.

त्या दिवसापासून नाना जरा खचले. अहो, हरण्याचं दुःख नव्हतं ते. त्यांना असं वाटायला लागलं की आपल्याला एक गोष्ट पक्की माहीत होती आणि ती मधल्या मध्ये बदलली, आपल्याला कळलंही नाही, तर आणखी काय काय बदललं असेल. हिरव्या पट्टीवरचा लग्नपत्रिकेचा तुकडा त्यांनी स्वतः काढला. आणि आठवड्याभरानं वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, तिसरा रकाना यापुढे ताईंनी भरायचा. माझी नजर जुनी झाली, म्हणाले. मी नको नको म्हणाले, पण खरं सांगायचं तर आतून सुखावले होते. इतक्या वर्षांत त्यांनी त्या रकान्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी भरला, तीन महिने इमानानं भरला. दर गाठ जुळायची. कधीच काही चुकायचं नाही. आठ थ्रेडनं बांधून व्हायची चटकन, आणि मग हे सोडणं, जुळवणं, तिथे वेळ जायचा. बांधण्यापेक्षा जुळवायलाच जास्त वेळ लागतोय, हे काही शहाणपणाचं नाही, असं शेठ येता जाता म्हणायचे. मलाही पटत चाललं होतं.

प्रज्ञाची नाशिकला परीक्षा होती आणि नाना तिला घेऊन गेले होते. माझ्या भाचीचा चाळीसगावला साखरपुडा होता, दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. शेठना डिस्क मोकळी हवी होती, दुसऱ्या दिवशी नवीन रजिस्टरं येणार होती. शेवटची एक गाठ राहिली होती. बोदवडकडची, मागे पडलेली, तिची रजिस्टरंही अजून ऑफिसातच होती. बांधून झाली, सोडली, सुटताना मशीननं काय दाखवलं ते वाचलंही नाही, आणि जुळवायला लावणार तेवढ्यात मी घड्याळ बघितलं. इतक्या गाठी जुळल्या, ही काय वेगळी असणार आहे, असं मनात आलं. मी तिसऱ्या रकान्यात साधारण वाटतील तेवढी मिनिटं लिहिली आणि खूण केली. मूळ चित्रं पुसली. सोडलेलीही पुसली. रिक्षा करून स्टेशनवर गेले, आणि तिथे कळलं की गाडी पाऊण तास उशिरा आहे. मी बाकावर बसून केळी खाल्ली.

प्रज्ञा ती परीक्षा पास झाली. निवड झाली. नानांनी ऑफिसात पेढे वाटले आणि त्या दिवशी कशाचीच वेळ लावली नाही. आता जातीच्या पडताळणीसाठी १९५० च्या आधीचे कागद हवे होते. घरात होते ते सगळे नंतरचे. वडिलांना भाऊ नाही, नानांनाही नाही, चुलत्याचा कागद लावावा तर चुलताच नाही. सगळी मदार त्या एका ओळीवर होती. नाना रीतसर बोदवडकडच्या त्या शाळेत गेले. शाळा नव्या इमारतीत गेली होती आणि जुन्या खोलीतल्या कपाटात रजिस्टरांच्या जागी वाळवीनं माती करून ठेवली होती. मुख्याध्यापक भला माणूस, हळहळला. म्हणाला, तुमच्याकडे स्कॅन असेल तर आणा, मी रीतसर सही-शिक्का देतो.

नाना परत आले ते जवळजवळ हसत. बघा ताई, म्हणाले, आपण बांधून ठेवलं म्हणून राहिलं. डिस्क काढली, गाठ सोडायला लावली. मशीननं सांगितलं, फाइल खराब आहे.

त्यांनी पुन्हा लावली. दुसऱ्या मशीनवर लावली. मग ते दोन दिवस त्या गाठीवर बसले, आणि त्यांनी ती तुकड्यातुकड्यानं सोडवली. आठ हातांनी आठ तुकडे बांधले होते. सात सुटले. ते पान आठव्यात होतं. त्यातही नानांनी वहीत नोंद केली, की एकाच थ्रेडनं बांधली असती तर बिघडलेल्या जागेच्या पुढचं सगळंच गेलं असतं, तेव्हा आठ थ्रेडचा हा एक फायदा मानायला हवा. असल्या वेळी हे लिहिणारा माणूस होता तो.

मग वही मागे उलटत उलटत ते त्या ओळीपाशी आले. खूण बघितली. माझ्याकडे वळून, आवाज न चढवता विचारलं, "ताई, ही जुळवली होती ना?"

मी म्हणाले, "हो, नाना."

त्यांनी मान डोलवली. संशय नावालाही नव्हता. उलट वहीतल्या त्या खुणेवर हात फिरवत म्हणाले, मग नंतर बिघडली.

मुदत संपली. यादीतल्या पुढच्या नावाला ती जागा गेली. प्रज्ञा धुळ्यालाच एका तपासणी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घ्यायला लागली. नानांनी नोकरी सोडली. शेठकडून त्यांनी ती डिस्क मागून नेली, आणि शेठनी दिली, कारण ती कुणालाच नको होती.

त्यानंतर दोन वर्षं नाना धुळ्याच्या घरी एकच कोडं सोडवत बसले. जुळलेली गाठ नंतर बिघडते कशी? उन्हानं? वीज गेल्यानं? डिस्क नुसती पडून राहिल्यानं? ते त्याच मापाच्या गाठी बांधायचे, जुळवायचे, डिस्क गच्चीवरच्या खोलीत उन्हाळाभर ठेवायचे आणि पुन्हा सोडून बघायचे. दर रविवारी मला मेसेज यायचा. आज इतके दिवस झाले, सर्व जुळले. पुढच्या रविवारी पुन्हा, सर्व जुळले. मला माहीत होतं ते कधीच बिघडणार नाही. मधल्या काळात नवीन मशीन दुरुस्तीला गेलं होतं, आणि दुरुस्तीवाल्यानं मेमरीची एक पट्टी हातावर ठेवून सांगितलं होतं, की ही सदोष आहे, साधं काम करताना चालते, पण आठही कोअर लागून मशीन तापलं की कधीतरी एखादा आकडा चुकवते. म्हणजे गाठ बांधतानाच बिघडली होती. ती पट्टी मी कचऱ्यात टाकली आणि मूग गिळून बसले. नानांच्या मेसेजला मी अंगठा पाठवायचे. काय सांगू, मला स्वतःची शिसारी यायची, आणि तरी मी अंगठाच पाठवायचे.

एका रविवारी वेगळा मेसेज आला. लांब होता. दोन वर्षं सगळं करून बघितलं, कारण सापडत नाही, तेव्हा माझी पद्धतच खोटी होती असं मानायला हवं, असं त्यात होतं. जुळवल्यानं खात्री होते हा माझा भ्रम होता. शेवटी लिहिलं होतं, 'ताई, तुम्हीही आता जुळवणे बंद करा. माझ्यामुळे ऑफिसचा फार वेळ गेला. शेठना माझी माफी सांगा.'

मी तो तीनदा वाचला. पान गेलं, नोकरी गेली, ते एक मी पचवून बसले होते म्हणा. पण आता ह्या माणसाचं एकमेव खरं होतं ते तो माझ्या खोट्यापायी टाकून देत होता, आणि वर माफी मागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी धुळ्याला गेले.

देवपुरातलं त्यांचं घर लहान, नीटनेटकं. नाना बरेच वाळले होते. मनगट रिकामं होतं. मला बघून उठले, प्रज्ञाला पाणी आणायला सांगितलं, भाचीचं कसं चाललंय ते विचारलं. मी पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, नाहीतर सांगता आलं नसतं. म्हटलं, नाना, ती गाठ मी जुळवली नव्हती. खूण खोटी होती. मिनिटंही खोटी होती. गाडी गाठायची होती मला. मेमरीच्या पट्टीचंही सांगितलं. मी रडत होते, पण कुणी मला रडू नका म्हणालं नाही.

नाना खाली बसले. त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी मनाशी लावत होते. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंच मला वाटत होतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू उलगडत गेला. "म्हणजे जुळवली असती," ते म्हणाले, "तर तिथल्या तिथे सापडली असती."

मी हो म्हणाले.

"पुन्हा स्कॅन करता आलं असतं. रजिस्टर तेव्हा आपल्याकडेच होतं."

मी हो म्हणाले.

त्यांनी दाराकडे वळून प्रज्ञाला हाक मारली. ती तिथेच, पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "आयकं का व," नाना तिला म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, "मन्ही पद्धत बराबर व्हती." दोन वर्षांत हा माणूस हसला नसावा, आणि आता हसत होता.

प्रज्ञानं ट्रे खाली ठेवला. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. त्या आधी ती कधी माझ्याशी बोलली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, एखादी माहिती विचारावी तसं विचारलं, "जुळवायला किती वेळ लागला असता?"

तेवढ्याच मापाच्या गाठी मी त्याआधी कितीतरी जुळवल्या होत्या. आकडा मला पाठ होता.

"अकरा मिनिटं," मी म्हणाले.